शैलाची चतुर्थी आणि माझा सॉना

नोव्हाय, मिशिगन
२ मार्च २०२५

प्रिय ताई,

साष्टांग घालायचा तर गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच नमस्कार मानून घे. पत्र बघून घाबरू नकोस. कानाचं नवं मशीन घेतलं तरी फोनवर तुझं बोलणं मला अर्धंच कळतं. मग तू ओरडतेस, मी ओरडतो, आणि मनोहरभाऊजींना वाटतं की आपलं भांडण जुंपलंय. त्यापेक्षा हे बरं.

मी कसा आहे, असं विचारलं होतंस. खरं सांगू? मला बसवत नाही. शैला गेली त्याला वर्ष होऊन गेलं, पण घरात मी एका जागी टेकलो असेन तर शपथ. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून बेसमेंटमध्ये. न गळणारे नळ खोलतो नि परत बसवतो. पेपर उभ्याने वाचतो. जेवताना उठून दोनदा दार बघून येतो. नेत्रा रविवारी ॲन आर्बरहून येते, तर म्हणते, "बाबा, प्लीज सिट. यू आर मेकिंग मी डिझी." जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासून पगार घेतला आणि आता स्वतःला थांबवता येत नाही. झोप तर घाईतल्या पाहुण्यासारखी येते, चहासुद्धा न घेता निघून जाते.

आता गंमत ऐक. नेत्राने मला इथल्या रिक्रिएशन सेंटरची मेंबरशिप काढून दिली, पोहायला म्हणून. मी पाण्यात पाय बुडवला नि कुडकुडत बाहेर आलो. शेजारी एक लाकडी दार दिसलं, आत शिरलो. तो सॉना. कपाटाएवढी खोली, तीन पायऱ्यांसारखे लाकडी बाक, कोपऱ्यात शेगडी नि तिच्यावर तापलेले दगड. भिंतीवर वाळूचं घड्याळ. बाकावर टॉवेल पसरून लोक गप्प बसलेले. एका म्हाताऱ्याने लाकडी डावाने दगडांवर पाणी घातलं, चर्र आवाज झाला आणि गरम हवेची लाट कानांवरून गेली. मी उठायला गेलो, तर पाय उठेनात. ताई, मी बसलो. घड्याळातली सगळी वाळू खाली येईपर्यंत बसलो. शैला गेल्यापासून इतका वेळ मी पहिल्यांदाच बसलो असेन.

त्या रात्री झोपलो तो सकाळीच उठलो. तुझ्या नर्सिंगच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते कळव.

तुझा
श्रीरंग


एडिसन, न्यू जर्सी
११ मार्च २०२५

चि. श्रीरंग,

आशीर्वाद. आणि त्यापाठोपाठ ओरडा.

नागपूरच्या मे महिन्याला वैतागून तू अमेरिकेला पळालास. जे तिथे अंगणात फुकट मिळत होतं, ते आता मेंबरशिप काढून घेतोयस. आईला हे कळलं असतं तर तिने तुला गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांची राखण करायला बसवलं असतं.

थट्टा पुरे. झोप लागली याचा मला खरोखर आनंद झाला. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडतात, भराभर चालताना वाढते तशी नाडी वाढते, बाहेर आल्यावर अंग निवतं आणि त्या निवण्यात झोप येते. सांधेही मोकळे होतात. एवढं तुझ्या बाजूचं. आता माझ्या बाजूचं. तुझी ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. गोळी प्रेशर खाली आणते, सॉनाही आणतो. दोघं मिळून तुलाच खाली आणतील. तेव्हा डॉक्टरला विचार. आधी पाणी पी, नंतरही पी. रिकाम्या पोटी जाऊ नकोस. वरच्या बाकावर मर्दुमकी दाखवायची नाही, खालचा बाक म्हाताऱ्यांसाठीच असतो. उठताना सावकाश ऊठ.

मी मात्र अजून रात्री घरभर फिरते. ह्यांचं घोरणं भिंतींनाही पाठ झालंय. नागपूरच्या आपल्या घरातले आता तू नि मी दोघंच उरलो आहोत, तुझं पत्र आलं नाही की काही सुचत नाही. म्हणून लिहीत जा.

तुझी
ताई


नोव्हाय
१९ मे २०२५

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला, कारण प्रकृती सुधारली. बरा माणूस पत्रं कमी लिहितो.

आता मी आठवड्यातून चारदा जातो. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, बेताने जा, पाणी भरपूर पी. प्रेशरचा आकडा बघून तोच खूश झाला. गुडघे जिना चढताना तक्रार करायचे, ते आता नुसते कुरकुरतात. फिनलंडमध्ये म्हणे हजारो पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि जे नेमाने सॉना घेतात त्यांना हृदयाचे विकार कमी झालेले आढळले. लगेच नाक मुरडू नकोस. मुळात धडधाकट असतात तेच जास्त वेळा जात असतील, हे तू म्हणणार, ते मीच लिहून टाकतो.

तो पाणी घालणारा म्हातारा फिनिश वंशाचा आहे, मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाचा. त्यांच्याकडे आधी सॉना बांधायचे आणि मग घर, असं सांगतो. तिथे कुणी कुणाला "हाउ आर यू" विचारत नाही, हे मला फार आवडतं. शैला गेल्यापासून माणसं मला मान तिरकी करून विचारतात, "आता कसं वाटतंय?" सॉनात सगळ्यांना एकच वाटत असतं, उकडतंय. आणि कानाचं मशीन बाहेर काढून ठेवावं लागतं, त्यामुळे ऐकण्याचाही प्रश्न मिटतो.

नंतर थंड शॉवर घेतो, मग बाहेरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून बसतो. आपल्याला आता कुठे जायचं आहे, हा प्रश्नच पडत नाही. घरी आलो की पुन्हा थोडं फिरणं सुरू होतं, पण पूर्वीसारखं नाही. सॉना बंद असतो त्या दिवशी मात्र पुन्हा तीच येरझार. म्हणजे मला हे लागतंय, ताई.

एक सहज विचारतो. आकाशात ढग असले तर शैला चतुर्थीचा चंद्र कसा बघायची? तुम्ही दोघी चतुर्थीबद्दल बोलायचात, म्हणून तुला ठाऊक असेल. घाई नाही.

तुझा
श्रीरंग


एडिसन
२९ मे २०२५

चि. श्रीरंग,

तू इतकं गुणगान केलंस म्हणून परवा मीही गेले. आमच्या क्लबात सॉना आहे. उष्णता म्हटल्यावर माझ्या डोक्यात अभ्यंगस्नानच आलं. घरून अंगाला नीट खोबरेल चोळून गेले. पाच मिनिटांत सगळी खोली नारळी भातासारखी दरवळायला लागली. शेजारची बाई शिंकत बाहेर गेली आणि बाक असा निसरडा झाला की मी घसरगुंडीवर बसल्यासारखी पुढे पुढे येत होते. शेवटी तिथल्या मुलीने येऊन सांगितलं, "मॅम, नो ऑइल, प्लीज." पुन्हा जायला तोंड नाही. पण सांगते, त्या रात्री मला घोरणं ऐकू आलं नाही.

ढगांचं म्हणशील तर चंद्रोदयाची वेळ झाली की त्या दिशेला तोंड करून हात जोडायचे नि जेवायला बसायचं. गणपती काही हजेरी घेत नाही. पण तू हे का विचारतोस? तू तर चतुर्थीची खिल्ली उडवणारा.

तुझी
ताई


नोव्हाय
१७ जून २०२५

प्रिय ताई,

विशेष काही नाही. शनिवारी कपाटाचं दार कपाळाला लागलं, तीन टाके पडले. नेत्राचा फोन आला आणि ती फार काही बोलली, तर मनावर घेऊ नकोस. मुलं घाबरट झाली आहेत.

सॉना सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. कधी उघडेल कुणास ठाऊक. त्यामुळे पुन्हा गॅरेज, बेसमेंट, गॅरेज. काल मागच्या अंगणातलं कुंपण मोजलं. ते तितकंच आहे. बागेतला पाइप सोडून पुन्हा गुंडाळला. झोपेचं विचारू नकोस. मी आता तुला लिहितोय तेही ओट्यापाशी उभा राहून, अक्षरावरून कळेलच.

नेत्रा एका सीनियर लोकांच्या सोसायटीची पत्रकं टेबलावर ठेवून गेली आहे. चित्रात सगळे म्हातारे हसतायत. एवढं काय हसण्यासारखं असतं तिथे?

तुझा
श्रीरंग


एडिसन
२१ जून २०२५

चि. श्रीरंग,

नर्सशी खोटं बोलायचं तर जरा अभ्यास करून बोलावं. कपाटाचं दार लागलेल्याला ॲम्ब्युलन्सने नेत नाहीत.

तुझ्या पत्राआधीच नेत्राचा फोन आला होता. तू सॉनातून बाहेर आलास, उभा राहिलास आणि कोसळलास. बाकाच्या कडेवर कपाळ आपटलं. सॉना दुरुस्तीला गेलेला नाही, नेत्राने तुझी मेंबरशिप कॅन्सल केली आहे आणि डॉक्टरही म्हणाला, आता बंद. पोर रडत होती. "लता आत्या, ही इज अलोन इन दॅट हाउस," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी रात्रभर विचार केला. चार महिने तू व्यवस्थित जात होतास. पाणी पीत होतास, प्रेशर छान होतं. मग त्याच शनिवारी असं काय झालं? मग आठवलं, त्या शनिवारी मी स्वतः चंद्राची वाट बघत होते. संकष्टी होती, श्रीरंग. जूनमध्ये इथे चंद्र जवळजवळ मध्यरात्री येतो. आणि मला ढगांबद्दल विचारणारा तूच.

तू उपास करतोयस. तोही बहुतेक पाण्याशिवाय. वर सकाळची गोळी घेतलीस आणि तसाच त्या भट्टीत जाऊन बसलास. घोडा पडला असता.

हे तू डॉक्टरला सांगितलं नाहीस, नेत्राला सांगितलं नाहीस. सगळ्यांनी सॉनाला दोष दिला नि तू देऊ दिलास. नेत्राला खरं काय ते सांग. दोष उष्णतेचा नव्हता हे कळलं तर डॉक्टर कदाचित परवानगी देईल. नाही सांगितलंस तर सॉना गेला, झोप गेली, आणि ती पत्रकं टेबलावरच राहतील.

तुझी
ताई


नोव्हाय
२६ जून २०२५

ताई,

नेत्राला काही सांगायचं नाही. तुला माझी शपथ.

तुला सगळं कळलंच आहे, तर हेही ऐक. आम्ही मिशिगनला नवे होतो, तेव्हाची गोष्ट. घरी पाहुणे होते. मी म्हणालो, आमच्या हिचा उपास म्हणजे साबुदाण्याची चंगळ असते, उपासाच्या दिवशीच हिचं पोट भरतं. सगळे हसले. ती हसली नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "यापुढे चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. बघच तू." आणि ताई, तिने ते पाळलं. मी कारखान्यातून यायचो, घरात उदबत्तीचा वास असायचा आणि ही कोरड्या तोंडाने काम करत असायची. अगं पाणी तरी घे, म्हटलं की मान हलवायची. चंद्र येईपर्यंत मागच्या दारच्या लाकडी डेकवर उभी राहायची. वर्षानुवर्षं.

ती गेल्यावर पहिली चतुर्थी आली, तेव्हा मी ताट वाढून घेतलं आणि डेककडे लक्ष गेलं. ताट तसंच झाकून ठेवलं. त्या दिवसापासून मीही करतो. देवाबिवाचं मला अजूनही काही नाही. माझ्या एका फालतू विनोदापायी तिने दिवसभर काय सोसलं, ते मला बघायचं होतं. तिचं असं माझ्याकडे एवढंच उरलंय.

त्या शनिवारी घरात बसवेना, तहान सहन होईना, म्हणून सॉनात गेलो. तिथे निदान बसता तरी येतं. मूर्खपणा झाला, कबूल. पण नेत्रासमोर मी जन्मभर चतुर्थीची टर उडवली आहे. आता हे सांगू? ती म्हणेल, बाबांचं डोकं फिरलं, त्यांना एकटं ठेवून चालणार नाही. त्यापेक्षा सॉना गेला तरी चालेल.

श्रीरंग


एडिसन
३० जून २०२५

चि. श्रीरंग,

तुझं पत्र वाचून मी आधी डोळे पुसले आणि मग कपाळाला हात लावला.

मला एक गोष्ट माहीत आहे, पण ती मी सांगणार नाही. शैलाला मी तसा शब्द दिला होता. ती गेली म्हणून शब्द मोडता येत नाही. तू नेत्राला फक्त एवढं विचार, चतुर्थीच्या दिवशी शाळेतून घरी आल्यावर तू नि आई काय करायचात? बस, एवढंच विचार. पण का विचारतोयस, हे तुला आधी सांगावं लागेल. नाहीतर ती उत्तर देणार नाही. त्या दोघी पक्क्या होत्या.

बसून विचार. उभ्याने नको.

ताई


नोव्हाय
१५ जुलै २०२५

प्रिय ताई,

तुझ्यावर रागावलो आहे, हे आधीच लिहून ठेवतो. म्हणजे पुढे विसरायला नको.

तुझं पत्र आल्यानंतरच्या रविवारी नेत्रा आली. तिने टेबलावरच्या पत्रकांकडे बघितलं. मी ती बाजूला सारली, खुर्ची ओढली आणि बसलो. तीही घाबरून बसली. मग सगळं सांगितलं. उपास, पाणी न पिणं, गोळी, सॉना, पाहुण्यांसमोरचा तो विनोद, सगळं. तिच्याकडे न बघताच बोललो. शेवटी तुझा प्रश्न विचारला.

मी वर बघितलं, तर तिने तोंडावर हात धरला होता. मला वाटलं, रडतेय. ती हसू दाबत होती, ताई.

"बाबा," ती म्हणाली, "शी एट. एव्हरी सिंगल टाइम."

शाळेची बस चारला यायची. आईने साबुदाण्याची खिचडी तयार ठेवलेली असायची, भरपूर दाणे घालून, वर तूप. रस्त्यावरून खिडकीतून कुणाला दिसू नये म्हणून दोघी ओट्यामागे जमिनीवर बसून पातेल्यातूनच खायच्या. आई दोन कप कॉफी घ्यायची. मग पातेलं घासून, पुसून जागेवर ठेवायचं, खिडकी उघडायची आणि दाण्यांचा वास जावा म्हणून उदबत्ती लावायची. "अँड देन शी वुड से, आता तोंड पूस, बाबा येतील."

उदबत्ती, ताई. मला वाटायचं, पूजा झाली.

पहिल्यांदा मी चिडलो. उठून दारापर्यंत गेलो नि परत आलो. मग हसायला लागलो, ते थांबेना, आणि हसता हसता रडू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्यामुळे उपाशी राहतेय. ती तर मजेत होती. लेकीला घेऊन ओट्यामागे बसून मला फसवत होती, आणि रात्री कोरड्या तोंडाने मान हलवत होती. ती गेल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पण हे तिला सांगायची सोय नाही, ते फार लागलं.

नेत्राने मग मला नीट झापलं, शैलाच्याच सुरात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेली नि माझ्या वतीने सगळं भडाभडा सांगितलं. डॉक्टरने चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या हेडमास्तरांची आठवण झाली. तपासण्या झाल्या. गोळीची वेळ बदलली. सॉना चालेल, पण खालच्या बाकावर, थोडाच वेळ, पोटात अन्न नि पाणी असताना, आणि एकट्याने नाही.

नेत्राने मेंबरशिप पुन्हा चालू केली आणि एकट्याने नाही म्हणून शुक्रवारी तीच आली. मला वाटलं, पोरगी तरुण आहे, आरामात बसेल. कसलं काय. दोन मिनिटांत तिची चुळबूळ सुरू झाली. पाय हलवते, वाळूच्या घड्याळाकडे बघते, फोन नाही म्हणून बोटं मोडते. मी म्हटलं, "बस." ती म्हणाली, "आय ॲम सिटिंग." म्हटलं, "नाही. अशी नाही. पाठ टेकव." तो फिनिश म्हातारा आमच्याकडे बघून पहिल्यांदाच हसला आणि त्याने दगडांवर पाणी घातलं. थोड्या वेळाने तिचा पाय थांबला. बाहेरच्या बाकावर पाणी पीत बसलो तेव्हा ती म्हणाली, आई गेल्यापासून तीही रात्री घरात फिरत असते. मला माहीतच नव्हतं. बसवत नाही ते फक्त मलाच, असं मी गृहीत धरलं होतं, आणि ही तिकडे एकटी येरझारा घालत होती. आता ती दर शुक्रवारी येणार आहे. पत्रकं तिने स्वतःच रद्दीत टाकली, निदान सध्यापुरती.

तू सगळं माहीत असून गप्प राहिलीस, हा माझा राग. ऑगस्टमध्ये इथे येऊन माझी समजूत काढ. टॉवेल आण, खोबरेल तेल आणू नकोस.

आता परवाचं सांगतो. रविवारी इथली चतुर्थी होती. सॉनाला सुट्टी. चार वाजता नेत्रा नि मी मिळून खिचडी केली. साबुदाणा थोडा चिकट झाला, दाणेही कमी पडले. आम्ही ओट्यामागे जमिनीवर बसलो. खाली बसायला मला दोन खुर्च्यांचा आधार लागला. पातेल्यातूनच खाल्लं, कॉफी घेतली. मग मी पातेलं घासून, पुसून जागेवर ठेवलं, खिडकी उघडली आणि उदबत्ती लावली.

नेत्रा म्हणाली, "बाबा, देअर इज नोबडी टू हाइड इट फ्रॉम."

मी म्हटलं, "असू दे. आईची पद्धत आहे."

चंद्र यायला अजून खूप अवकाश होता. आम्ही दोघं मागच्या डेकवर खुर्च्या टाकून बसलो. मी चंद्र येईपर्यंत एकदाही उठलो नाही.

तुझा
श्रीरंग